चार व्हॅन आणि पासिंगचे टायर

शनिवारी शाळेच्या व्हॅनमध्ये झाडू मारायला बसले की सीटखालून काय काय निघतं! खोडरबर, एका पायाचा मोजा, अर्धी पोळी, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दात. आपण टाकलेलं नसतं, तरी साठत जातं. आमच्या व्हॅनवाल्यांचे किस्से असेच साठलेत. आणि सगळे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात. टायर!

हसायला येईल तिथे हसा. मी पण हसते. पण आधीच सांगते, गेलं वर्षभर मला फक्त चार टायर हवे होते. सोनं नको, साडी नको, फ्रीज नको. चार चांगले टायर, आणि ते आमच्या गाडीला लावलेले. "लावलेले" असं का म्हणते, ते पुढे कळेल.

आम्ही दिघ्याला राहतो. आर्याचे पप्पा ऐरोलीच्या एका शाळेची मुलं ने-आण करतात, स्वतःच्या व्हॅनमधून. मुलांबरोबर गाडीत बाई पाहिजे असा नियम आहे, म्हणून मी. पगार नाही, पण मुलं "ताई" म्हणतात. सातवी शिकलेल्या बाईला शाळेच्या गेटवर वॉचमन सलाम करतो, तेवढाच मान. आठ मुलं आहेत, त्यातली एक आमची आर्या, पहिलीत.

शाळेबाहेर झाडाखाली चार व्हॅन उभ्या असतात. एक आमची. दुसरी गायकवाड काकांची, ते वयाने सगळ्यात मोठे, कंपनी बंद पडल्यावर या धंद्यात आले. तिसरी पाटील दादांची, ते इथल्याच गावचे, आगरी. चौथी शेखभाईंची. मुलं वर्गात गेली की सुटेपर्यंत चौघं तिथेच. चहा, पेपर आणि टायरची चर्चा.

चर्चेला पैसे पडत नाहीत ना!

* * *

मोबाईलवर एक व्हिडिओ आला. टायरच्या खाचेत नाणं उभं घाला. बुडालं तर टायर चांगला, उघडं राहिलं तर बदला.

काका म्हणाले, "चला, आज शास्त्रीय पद्धतीने बघू."

शेखभाईंच्या टायरमध्ये नाणं थोडंसं बुडालं. पाटील दादांच्या टायरमध्ये नुसतं टेकलं. मग काका आमच्या मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. नाणं घालायला खाच सापडेना. बोटाने चाचपलं. खिशातून चष्मा काढून लावला. शेवटी नाणं असंच टायरवर टेकवलं, तर ते घरंगळत सरळ गटारात!

काका उठले, पॅन्ट झटकली आणि ह्यांना म्हणाले, "तुझा टायर नापास. आणि माझा रुपया दे."

सगळे खो खो हसले. मी त्या चाकावरून हात फिरवला. काहीच लागत नव्हतं. आर्या तान्ही असताना तिच्या टाळूवरून हात फिरवला की असंच लागायचं.

* * *

पैसे वाचवायच्या युक्त्या प्रत्येकाकडे वेगळ्या.

पाटील दादा दर दोन महिन्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावतात. म्हणजे सगळे सारखे झिजतात.

मी म्हटलं, "दादा, मग नवे कधी घ्यायचे?"

"वैनी, चारी जवा एकदम जातील तवा बगू. आता कनाला टेन्शन घेतंस?"

एकदम चारी जातील तेव्हा गाडीत मुलं असतील, हे मी बोलले नाही. त्यांच्या गाडीत त्यांचाच नातू बसतो. त्यांना माहीत नसेल का?

शेखभाईंनी वेगळीच शक्कल लढवली. कुठूनतरी एक माणूस शोधला, तो गुळगुळीत टायरवर गरम सुरीने नव्या खाचा पाडून देतो. टायर आले ते एकदम नवरीच्या मेहंदीसारखे! आम्ही सगळे कौतुकाने बघायला गेलो. तिसऱ्या दिवशी एका खाचेतून बारीक तार बाहेर आली.

आमचे हे घाबरले. "भाई, तार निघाली!"

शेखभाई पक्कड घेऊन खाली बसले, तार कापली आणि शांतपणे म्हणाले, "तार निकली, मतलब अंदर माल असली है!"

* * *

एकदा मात्र आम्ही खरंच टायर घ्यायला गेलो होतो. मोठ्या रोडला अण्णाचं दुकान आहे, तिथे. जाताना ह्यांनी मला शिकवलं, "मी घेऊ म्हणेन, तू नको म्हण. मग तो भाव कमी करेल. गाडी न्यायची नाही, टायर बघितले तर त्याला कळेल आपण अडलोय."

म्हणून चालत गेलो.

अण्णाने टायर काढले. ह्यांनी अंगठ्याने दाबून बघितले, जसे काय आंबेच. मग माझ्याकडे बघून डोळ्याने खुणावलं. मी सुरू केलं. "नको ओ आत्ता. शाळेची फी भरायची आहे. गाडीचा हप्ता आहे. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. गॅस संपत आलाय. आर्याला बूट नाहीत..."

खोटं बोलायचं ठरलं होतं. पण बोलताना लक्षात आलं, यातलं एकही खोटं नाही! मग थांबताच येईना. डोळे भरून आले. अण्णाने स्टूल दिलं, पाणी दिलं. टायर उचलून परत रॅकवर ठेवले आणि ह्यांना रागावला, "भैया, भाभी सही बोलती है. टायर कहां भागता है? पहले घर देखो!"

बाहेर आल्यावर हे डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, थोडंच रडायचं होतं!"

त्या दिवशी पैसे खिशात होते. पुढच्या आठवड्यात ते मोतीबिंदूला गेले. आईंना आता लांबचं सगळं स्वच्छ दिसतं.

* * *

मग अण्णाच्याच दुकानावर पाटी लागली. तीन टायर घ्या, चौथा फ्री!

तीन तरी कुणाला परवडतात? पण गायकवाड काकांच्या डोक्यात कंपनीतलं डोकं अजून चालू आहे. ते म्हणाले, "आपल्या गाड्यांचं आरटीओचं पासिंग वर्षातून एकदा. चौघांचं वेगवेगळ्या महिन्यात. बरोबर? साहेब टायर बघतो तो फक्त त्या दिवशी. मग चौघांना सोळा टायर कशाला? चार पुरे! ज्याचं पासिंग, त्याने त्या दिवशी लावायचे. झालं की उतरवायचे."

मग पाटील दादा म्हणाले, "काका, तुमी कंपनीत मॅनेजर पायजे होता. बंदच नसती परली!"

चौघांनी सारखी वर्गणी काढून सेट घेतला. पुढे वाद नको म्हणून प्रत्येकाने एकेका टायरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने खूण केली. काकांनी आडनाव लिहिलं. पाटील दादांनी "एकविरा आई". शेखभाईंनी ७८६. ह्यांनी वळणदार अक्षरात "आर्या".

आमची खोली तळमजल्यावर, म्हणून सेट ठेवायला आमच्याकडे आला. घरी उतरवताना हे टायरवरचे चार आकडे वाचायला लागले. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष, हे अण्णाने मागे सांगितलं होतं. तीन टायर ताजे होते. आमची खूण केलेला चौथा, तो फ्रीवाला निघाला. आर्याच्या जन्माच्या आधीचा!

हे हसून म्हणाले, "अगं, हा तर आपल्या आर्याचा मोठा भाऊ!"

मी एकदाच हसले. मग रात्रंदिवस तो मोठा भाऊ घरात.

* * *

चार टायर एकावर एक रचले, वर चादर टाकली. आर्या त्यावर अभ्यास करते. भाताला रबराचा वास यायला लागला. आई गावाहून आल्या, हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "टेबल झाक घेतलंय गं! किती भक्कम!"

ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी म्हणाल्या!

पासिंग मात्र एकेक करून चारी गाड्यांचं झालं. काकांच्या वेळी साहेबांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "आर्या कोण?"

काका म्हणाले, "आमची पोरगी, साहेब."

"मुलीच्या नावाने टायर! वा!" साहेब मागच्या लाईनीतल्या लोकांना म्हणाले, "शिका जरा. गाडीची काळजी अशी घेतात."

शेखभाईंच्या वेळी साहेब दुसरे होते. ते चारी चाकांपाशी वाकून फिरले. एका टायरवर गायकवाड, एकावर एकविरा आई, एकावर ७८६, एकावर आर्या. ते उभे राहिले. "हे काय आहे?"

शेखभाई म्हणाले, "साब, बच्चे सब के बैठते हैं."

पास!

अण्णा तेवढा वैतागला. एकच सेट चढवायचा, उतरवायचा, परत चढवायचा. शेवटी म्हणाला, "भाभी, इतना फिटिंग का पैसा दिया, उसमें एक टायर और आ जाता था!"

मी त्याला स्टूल द्यायला हवं होतं.

सगळ्यांचं पासिंग झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आता पुढच्या पासिंगपर्यंत हे असेच पडणार. आपल्या गाडीला लावूया ना."

"वेडी आहेस का? झिजले तर पुढच्या पासिंगला काय लावायचं?"

म्हणजे चांगले टायर घरात आणि मुलं रस्त्यावर.

* * *

आमच्या गाडीत विहान बसतो, आर्याच्याच वर्गातला. त्याची मम्मी आयटीत आहे, टॉवरमध्ये राहतात. बाई मनाने चांगली, पण काळजी फार. पालकांच्या ग्रुपवर रोज एक मेसेज. गाडीत फर्स्ट एडचा बॉक्स आहे का? कॅमेरा बसवणार का? खिडकीला जाळी आहे का? सॅनिटायझर कोणता? सगळं विचारलं. टायर कधीच नाही. मी मनात म्हणायचे, विचार बाई, एकदा विचार. तू विचारलंस तर ह्यांना घ्यावेच लागतील.

एक दिवस त्यांचा फोन आला. "ताई, टायरचं बोलायचं होतं." मी फोन दोन्ही हातांनी धरला!

"आमच्या गाडीचे आम्ही नवे घातले. जुने तसे बरे आहेत, तुम्हाला हवेत का?"

हे पळतच गेले. टायर घेऊन आले ते केवढे! त्यांची गाडी मोठी, आमची व्हॅन बारकी. आमच्या चाकाला ते बसणार कसे? तरी हे अंगणात टेप घेऊन मोजत बसले, दोनदा मोजलं.

मी म्हटलं, "बूट मोठा असला तर पुढे कापूस भरतात. ह्यात काय भरणार?"

संध्याकाळी विहानच्या मम्मीचा मेसेज आला. "टायर मिळाले ना? आता तुमचा तेवढा खर्च वाचला. या महिन्यापासून फीचं थोडं ॲडजस्ट करा ना, प्लीज."

* * *

त्या दिवशी पाऊस नव्हता, काही नव्हतं. कोरडं ऊन. डिव्हायडरच्या झाडांना पाणी घालणारा टँकर पुढे चालला होता आणि रस्ता ओला करत होता. सिग्नलला ह्यांनी ब्रेक मारला. गाडी थांबलीच नाही. आवाज नाही, काही नाही, नुसती सरकत गेली, तिरकी फिरली आणि डिव्हायडरच्या कण्हेरीत तोंड खुपसून उभी राहिली.

कुणाला खरचटलं पण नाही. मागून बस येत होती, तिने वेळेवर ब्रेक दाबला. तिचे टायर चांगले असणार.

मग मागून विहान ओरडला, "काका, वन्स मोअर!" आणि सगळी मुलं टाळ्या वाजवत, "परत! परत!"

ह्यांनी इंजिन बंद केलं. मी मुलं मोजायला मागे वळले. आठ मोजायची होती. मी एक म्हणाले आणि तिथेच थांबले. एक म्हणजे आर्या. पुढचे आकडे मला आठवेचनात.

* * *

त्या दुपारी मी पहिल्यांदा पुरुषांच्या चर्चेत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "घरातले टायर आमच्या गाडीला लावा. आजच."

शेखभाईंनी मान खाली घातली. पाटील दादा म्हणाले, "वैनी, तुमचा बरोबर हाय. पन माज्या गारीत पन पोरं हायत ना."

मी काकांकडे बघितलं.

काकांनी बोटांवर गाड्या मोजल्या. मग निकाल दिला. "नावं आहेतच टायरवर. ज्याने त्याने आपापला घ्या. चार गाड्या, चार टायर. कुणावर अन्याय नाही. पुढच्या पासिंगचं पुढच्या वर्षी बघू."

अण्णा तर ओरडलाच, "एक टायर कौन डालता है? डालना है तो जोड़ी डालो! गाडी फिसलती है तो पूरी फिसलती है!"

पण जोडी म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी काढून घ्यायचा. तर चार गाड्यांना एक एक लागला. तीन पायांत फाटक्या चपला आणि एका पायात बूट, तशा गाड्या दिसायला लागल्या. आमच्या वाट्याला आला तो मोठा भाऊ. खाचा आहेत, पण वय झालंय. ह्यांनी तो मागच्या डाव्या चाकाला लावला, जिथे काकांचं नाणं घरंगळलं होतं तिथे.

* * *

मागच्या डाव्या चाकावर जी सीट येते ती कुणालाच आवडत नाही. खाली पत्र्याचा उंचवटा आहे, पाय वर घेऊन बसावं लागतं, खिडकी पण अर्धीच. आधी त्या सीटवरून रोज भांडण. जो उशिरा येईल तो तिथे.

टायर लागल्यापासून मी आर्याला तिथे, खाचा असलेल्या त्या एकाच टायरवर, बसवायला लागले.

अण्णा काय म्हणाला ते मला कळलं होतं. गाडी घसरली तर पूरी घसरते. मला सगळं कळतं. तरी सकाळी दार उघडलं की माझा हात आपोआप तिला तिथेच नेतो. ती म्हणते, "आई, मला खिडकी." मी म्हणते, "ही जागा तुझी. कुणालाही द्यायची नाही. कुणी मागितली तरी नाही."

मुलं खूष. भांडण संपलं, सगळ्यांना चांगल्या सीट!

मुलांनी घरी जाऊन सांगितलं असेल. ग्रुपवर विहानच्या मम्मीचा मोठा मेसेज आला. त्यात हात जोडल्याच्या कितीतरी खुणा. "आजच्या जगात अशी माणसं कुठे मिळतात? व्हॅनच्या ताई स्वतःच्या मुलीला सगळ्यात वाईट सीटवर बसवतात आणि आपल्या मुलांना खिडकी देतात." खाली बाकीच्या आयांची फुलं, अंगठे. ह्यांनी मला वाचून दाखवला आणि फोन माझ्यापुढे धरला. मी स्वतः पण वाचला असता. पण चष्मा नाही, वेळ नाही, असं काहीतरी सांगून मी भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहानला सोडायला त्याची मम्मी स्वतः खाली आली. हातात आर्यासाठी चॉकलेट. व्हॅनमध्ये डोकावली. आर्या तिच्या जागेवर, पाय वर घेऊन बसलेली. पुढच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता.

मम्मी विहानला म्हणाली, "विहान, आपण काल काय ठरवलं? शेअरिंग! रोज रोज आर्यानेच का त्रास काढायचा? आज तू तिथे बस. आर्याला तुझी खिडकी दे."

मी म्हटलं, "राहू द्या ओ मॅडम, तिला सवय आहे."

"नाही ताई. तुम्ही काही बोलू नका. मुलांना आत्तापासून शिकवायला पाहिजे."

विहान तोंड वाकडं करत मागे चढला. आर्या उठेना. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिली.

ह्यांनी पुढून आरशात बघितलं. मग आरसा जरा वर केला.

मी आत वाकले आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. तिला उचलून उजव्या बाजूला, खिडकीपाशी बसवलं.

मम्मीने तिच्या हातात चॉकलेट दिलं. "बघ, किती छान खिडकी मिळाली! विहानला थँक्यू म्हण."

आर्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "म्हण बाळा. थँक्यू म्हण."